जगाला वळसा, तीन खेपांत

फेलोशिपचं पत्र आलं त्या दिवशी मुलीच्या इंजेक्शनची पाळी होती, म्हणून ते पाकीट मी संध्याकाळपर्यंत पर्समध्येच ठेवलं. वाचलं होतं, पण घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आधी दवाखाना, मग बाकीचं, असा आमच्या घरातला नियम होता.

मी तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नशास्त्र शिकवत होते. ज्वारीचं पीठ लवकर खवट होतं, ते जास्त दिवस कसं टिकवता येईल, यावर माझं काम चाललेलं. आमच्या विभागप्रमुख बाईंनी मागे लागून आदल्या वर्षी माझ्याकडून एक अर्ज भरून घेतला होता. तो मी विसरूनही गेले होते. आता एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या दिल्लीतल्या कार्यालयाकडून उत्तर आलं होतं. मनिला, अमेरिकेतलं एक विद्यापीठ, लंडन आणि रोम अशा चार ठिकाणी जाऊन काम बघायचं, शिकायचं. मुंबईहून पूर्वेकडे निघायचं आणि पृथ्वीला पूर्ण वळसा घालून पश्चिमेकडून परत मुंबईला यायचं. तिकीट एकच, सलग. मुदत चार महिने.

मुलगी नऊ वर्षांची होती. सातव्या वर्षी तिचा घसा धरला, बरा झाला, आणि पंधरा दिवसांनी गुडघे सुजले. ताप उतरेना. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधेताप आहे, हृदयाच्या एका झडपेला थोडा धक्का लागलाय. पुन्हा ताप येऊ द्यायचा नसेल तर दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, निदान अठरा वर्षांची होईपर्यंत. एकवीस म्हणजे एकवीस, बावीस नाही.

ते इंजेक्शन ज्यांनी घेतलंय त्यांनाच ठाऊक. औषध दुधासारखं दाट, सुई जाड, आणि आत जाताना पायापर्यंत कळ जाते. आधी हातावर थोडंसं टोचून अर्धा तास वाट बघायची, काही उठलं नाही तर मग पुढचं. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंचा हात हलका होता. पण मुलगी फक्त माझ्याच मांडीवर पालथी पडायची. माझ्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालायची आणि तोंड माझ्या पदरात खुपसायची. तिच्या वडलांना सुई बघवत नसे. पहिल्या वेळी ते तिला धरायला आत आले आणि त्यांनाच घेरी आली. सिस्टरबाईंना आधी त्यांच्या तोंडावर पाणी मारावं लागलं. तेव्हापासून इंजेक्शनच्या दिवशी ते मानवतच्या बँकेतून रजा काढून यायचे, पण दवाखान्याच्या पायरीवर बसून राहायचे.

त्या संध्याकाळी पत्र दाखवल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं. जा असंही म्हणाले नाहीत, जाऊ नको असंही नाही. कॅलेंडर काढून चार महिन्यांत किती पाळ्या येतात ते मोजलं. पाच. मग कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुख बाईंना सांगितलं की नकाराचं पत्र लिहिते. त्या कडक होत्या, पण त्या दिवशी रागावल्या नाहीत. नकार आठवडाभरानं लिही, म्हणाल्या, आज नको. मला त्यात काही अर्थ वाटला नाही, पण त्यांचा शब्द मोडवेना म्हणून थांबले.

पेडगावला सासूबाईंना निरोप गेला तशा त्या पहिल्या बसनं आल्या. शेतीचं सगळं त्या बघायच्या, दीर नुसते नावाला. त्यांनी पत्र हातात घेतलं, वाचता येत नसताना नीट उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "जा तू. मी येऊन राहीन पोरीपाशी. पण चार महिने सलग मला जमायचं न्हाई. पेरणी हाय, कापूस हाय, सुगी हाय. मधी मधी म्हणशील तर येईन." मधी मधी जाता येत नाही, तिकीट सलग आहे, असं मी सांगितलं.

मुलीला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण भिंती पातळ होत्या. दोन दिवसांनी सकाळी मी तिची वेणी घालत होते तेव्हा तिनं पाठमोरीच विचारलं, की मी तिच्या इंजेक्शनमुळे जात नाहीये का. मी नाही म्हटलं. मग म्हणाली, "एक मी घेईन आजीला धरून. पण एकच. मग तू ये."

मी वेणीची रिबीन बांधून टाकली. मी तिला कामाचं काहीतरी सांगून शाळेला पाठवलं. एक काय आणि पाच काय, तिकीट चार महिन्यांचंच होतं.

आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहायचे. परभणी जंक्शनच्या तिकीट खिडकीवर त्यांचा जन्म गेला. निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले, हिशेब तेव्हाही उर्दूतच करायचे. पत्नी वारली होती, मुलगा नांदेडला. आमची मुलगी संध्याकाळी त्यांच्याकडे गणितं घेऊन बसायची. तिनं त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण त्याच संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, ते दिल्लीचे कागद जरा बघू द्या.

पत्रासोबत तिकिटाच्या नियमांचे तीन टंकलिखित कागद होते. मी ते वाचायचीही तसदी घेतली नव्हती. काकांनी चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट ठेवत ते वाचून काढले. मध्येच इंग्रजी शब्द अडला की मला विचारायचे. एकाच दिशेनं जायचं. उलट फिरायचं नाही. पानं क्रमानं वापरायची. पहिल्या उड्डाणापासून एक वर्षाच्या आत प्रवास पुरा करायचा. या शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

"सूनबाई, साल भराची मुद्दत हाय ही," ते म्हणाले. "अन् तुमी चार महिन्यांत संपवायलाव. घाई कोणाला हाय?"

मी म्हटलं की मुदत असली तरी मागे फिरता येत नाही, इथं लिहिलंय.

"तिकीट मागं फिरत न्हाई. तुमी फिरा की. दुसऱ्या तिकिटावर."

मला समजलं नाही, तेव्हा त्यांनी एक जुनी हकीकत सांगितली. नोकरीत असताना मानवतकडचं एक म्हातारं जोडपं त्यांच्या खिडकीवर आलं होतं. त्यांना रामेश्वर आणि काशी एकाच फेरीत करायचं होतं. काकांनी त्यांना गोल फेरीचं तिकीट करून दिलं. परभणीहून मद्रास, रामेश्वर, तिथून वर जगन्नाथपुरी, काशी, आणि मनमाडवरून परत परभणी. वीस दिवसांनी म्हातारा परत खिडकीवर हजर. म्हैस व्यायला झाली होती आणि घरी कुणी नव्हतं. मद्रासलाच गोल तिकीट थांबवून त्यानं वेगळं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं होतं. म्हैस व्याली, पारडू उभं राहिलं, तसा तो त्याच तिकिटाच्या उरलेल्या अर्ध्यावर मद्रासला गेला. बायको तिथं नातेवाइकाकडे थांबली होती. मग दोघांनी गोल तिकीट जिथं सोडलं होतं तिथून पुढं धरलं.

"स्टेशनमास्तर माझ्यावर भडकले. असं कसं चालतंय म्हणले. मी नियमाचं पुस्तक उघडून म्होरं ठेवलं. माणसानं मधीच घरी जाऊ नये असं त्याच्यात कुठंच लिहिलं नव्हतं."

मग त्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान मागच्या बाजूनं पसरलं आणि पेन्सिलीनं एक मोठा गोल काढला. गोलावर मुंबई, मनिला, अमेरिका, लंडन, रोम. मनिलापासून मुंबईपर्यंत एक रेघ आत ओढली, लंडनपासून मुंबईपर्यंत दुसरी. पहिली खेप मनिलापर्यंत, तिथून वेगळ्या तिकिटानं घरी. दुसऱ्या खेपेला त्याच वेगळ्या तिकिटाच्या उरलेल्या अर्ध्यावर मनिलाला जायचं, तिथून गोल पुढं धरायचा, अमेरिका करून लंडन गाठायचं, आणि लंडनहून पुन्हा तसंच घरी. तिसऱ्या खेपेला लंडनहून रोम, रोमहून मुंबई, की गोल पुरा. उलट दिशेला गोल तिकिटाचं एकही पान वापरायचं नाही.

मुलगी शेजारी गुडघ्यावर बसून बघत होती. तिनं विचारलं, प्रत्येक खेप किती दिवसांची. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. इंजेक्शन झालं की दुसऱ्या दिवशी आई निघेल, ते म्हणाले. एकविसाव्या दिवशी एक होईल. बेचाळिसाव्याच्या आधी आई घरात. म्हणजे एका खेपेला एकच.

मुलीनं बोटांवर मोजलं आणि मान डोलावली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहाचं आधण ठेवलं. आठ दिवस छातीवर जे बसलं होतं ते जरा सरकलं होतं, आणि ते कुणाला दिसू नये असं वाटत होतं. अजून काहीच ठरलेलं नव्हतं.

दिल्लीला पत्र गेलं. तीन आठवड्यांनी तिथल्या तिकिटांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की असं सहसा कुणी करत नाही. मी खचले. काकांनी उत्तर वाचलं आणि म्हणाले की करत न्हाई म्हणतायत, करता येत न्हाई असं म्हणलेत का? दुसरं पत्र त्यांनी सांगितलं आणि मी इंग्रजीत उतरवलं. त्यात विनंती नव्हतीच. कोणत्या नियमाआड हे येतं तेवढं कळवावं, अशी विचारणा होती. त्याच वेळी विभागप्रमुख बाईंनी चारही ठिकाणी तारखा बदलण्याविषयी लिहिलं. नेमकं रोमच्या लोकांनाच मी मे महिन्यात हवी होते, आधी त्यांच्याकडे माणसं नव्हती. त्यामुळे दिल्लीचं मन वळलं. मधली दोन तिकिटंही संस्थाच काढून देईल असं तिसरं पत्र आलं, आणि त्याच अधिकाऱ्यांनी खाली हातानं लिहिलं होतं की ही योजना कुणी आखली ते कळलं तर आवडेल.

एक गोष्ट मात्र काकांच्या लक्षात आली नव्हती, ती माझ्या आली. मनिलाला मी दोनदा उतरणार होते आणि लंडनलाही दोनदा. म्हणजे व्हिसा दोनदा आत जाण्याचा हवा. हे मी सांगितलं तेव्हा काका हसले. रेल्वेत हे लफडं नसतंय, म्हणाले.

तारखा सासूबाईंच्या शेतीवर बसवल्या. खुरपणी उरकल्यावर ऑगस्टात पहिली खेप. कापूस वेचून झाला की जानेवारीत दुसरी, सुगीच्या आत परत. एप्रिल-मे तिसरी, तेव्हा शाळेलाही सुट्टी. निघायच्या आधी काकांनी मला दोन्ही तिकिटांची पुस्तकं समोर ठेवून उजळणी करायला लावली. त्या काळी विमानाचं तिकीट म्हणजे कार्बनच्या पानांची लहान वही असे, आणि प्रत्येक उड्डाणाला एक पान फाडून घेत. त्यांनी मला बजावलं की काउंटरवरून हलायच्या आधी पानं मोजायची. खिडकी सोडली की तक्रार संपली.

पहिल्या खेपेला परभणीहून छोट्या लाइनच्या गाडीनं मनमाड, तिथं गाडी बदलून मुंबई, आणि मग विमान. मुलगी स्टेशनवर रडली नाही. मीच मनमाडपर्यंत रडत गेले. मनिलाजवळच्या त्या प्रयोगशाळेत तांदळाचा कोंडा खवट होऊ नये म्हणून ते काय करतात ते मी शिकत होते, पण डोक्यात दिवस मोजणं चालू होतं. इंजेक्शन झालं की घरून तार करायची असं ठरलं होतं. बाविसाव्या दिवशी तिथल्या कारकुनानं मला कागद आणून दिला आणि काळजीनं विचारलं, काही वाईट बातमी आहे का, कारण हा शब्द आम्हाला कळत नाही. तारेत रोमन अक्षरांत एकच शब्द होता, झालं. मी त्याला अर्थ सांगितला तेव्हा तोही हसला. अडतिसाव्या दिवशी मी परभणीत होते. मुलीनं मला दंड दाखवला, पायरीवरून पडून खरचटलं होतं तो. इंजेक्शनबद्दल ती फक्त एवढंच बोलली की आजी फार घट्ट धरते.

दुसऱ्या खेपेला मुंबईच्या विमानतळावरच घोटाळा झाला. माझ्याकडे आता दोन पुस्तकं होती. मोठं जगाभोवतीचं आणि छोटं मनिलाच्या जाण्यायेण्याचं. त्या उड्डाणाला छोट्यातलं पान जायला हवं होतं. काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही उघडली, एक पान फाडलं, शिक्के मारले आणि पुस्तकं परत दिली. मागं रांग होती. मी तिथंच उभी राहून पानं मोजू लागले. छोट्यातलं मुंबई–मनिला जागेवरच होतं. मोठ्यातलं मनिलाहून अमेरिकेला जाणारं गेलं होतं.

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, काही फरक पडत नाही, तुम्हाला बसायला मिळतंय ना. मागचे लोक पुढं सरकायला लागले. मला भांडता येत नाही, आवाज चढवता येत नाही. पण मी काउंटर सोडलं नाही. तिथंच उभी राहिले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, की हे पान नाही, ते पान. शेवटी तिनं वरिष्ठाला बोलावलं. त्यानं दोन्ही पुस्तकं बघितली, जमा झालेल्या गठ्ठ्यातून माझं पान शोधून काढलं, मोठ्या पुस्तकाला पिनेनं परत लावलं, त्यावर शिक्का मारून सही केली आणि माझी माफी मागितली. हे मनिलात लक्षात आलं असतं तर तुम्हाला तिथून पुढंही जाता आलं नसतं आणि मागंही, असं तो म्हणाला. विमानात बसल्यावर मी दोन्ही पुस्तकं पदराखाली छातीशी धरून अंग आवळून बसले. बाजूच्या बाईनं मला पांघरूण दिलं, तिला वाटलं मला थंडी वाजतेय.

अमेरिकेत बर्फ होतं. विद्यापीठात मात्र ज्वारीच ज्वारी, आपल्याकडे माणसं खातात ती तिथं गुरांना घालत. पीठ कसं साठवायचं याचं मला हवं असलेलं उत्तर तिथंच अर्धं मिळालं. एकविसावा दिवस उजाडला. बाविसाव्याला तार नाही. तेविसाव्यालाही नाही. विभागप्रमुख बाईंच्या घरच्या फोनवर मी कॉल लावला, दोनदा, आणि दोन्ही वेळा लाइन मिळत नाही असं उत्तर आलं. मला तेव्हा काय काय दिसलं ते लिहीत नाही. औषध टोचल्यावर अंगावर उठून मूल दगावल्याच्या गोष्टी आम्ही दवाखान्यात बसून ऐकलेल्या होत्या. चोविसाव्या दिवशी दुपारी तार आली. तोच एक शब्द. मी प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाही. एक जण विचारून गेला, बाई, सगळं ठीक ना. मी म्हटलं, हो, आता ठीक.

उशीर का झाला ते नवऱ्याच्या पत्रातून नंतर कळलं. इंजेक्शनच्या दिवशी बंद होता. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा मराठवाड्यात पेटलेलाच होता, आणि एखाद्या सकाळी अचानक सगळं बंद व्हायचं. एसटी नाही, ऑटो नाही, बाजार कडकडीत बंद, तारघराकडचा रस्ता तर दुसऱ्या दिवशीही अडवलेला. डॉक्टर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच राहायचे, पण सिस्टरबाई रेल्वे लाइनच्या पलीकडून यायच्या. यांनी मनात धरलं होतं की आज काही त्या येत नाहीत. सासूबाई आणि मुलगी तरी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. दहाच्या सुमाराला सिस्टरबाई चालत आल्या, एकट्या. लाइन ओलांडून, रिकाम्या रस्त्यानं.

त्यांचे यजमान नामांतराच्या मोर्चांत पुढं असायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या गल्लीत नामांतराच्या विरोधात जे बोललं जायचं तेही त्यांना ठाऊक असणार, आणि खोटं कशाला सांगू, आमच्या घरातही कधी कधी तसं बोललं गेलं होतं. त्यांनी हातावर टोचलं, अर्धा तास बसून वाट बघितली, मग इंजेक्शन दिलं, आणि नंतरचा अर्धा तासही बसल्या. हे त्यांना पोचवायला निघाले तेव्हा त्या म्हणाल्या की तुम्ही मुलीपाशी थांबा, मला वाट माहीत आहे.

परत आल्यावर मी त्यांच्या घरी गेले. दोन वर्षं त्या माझ्या मुलीला इंजेक्शन देत होत्या आणि तोवर मी लाइनच्या पलीकडे कधी गेले नव्हते. त्यांनी चहा केला. त्या दिवसाचं मी बोलायला लागले, माझं मलाच लाजल्यासारखं झालं. त्यांनी मला थांबवलं.

"एकवीस म्हणजे एकवीस," त्या म्हणाल्या. "त्याला बंद लागू नाही."

मग त्यांनी त्यांच्या मुलाची वही आणून दाखवली. त्याला शास्त्र विषय जड जात होता. पुढं वर्षभर तो रविवारी माझ्याकडे यायचा. गल्लीतल्या दोन-तीन जणी त्यावर बोलल्या, त्यांना उत्तर सासूबाईंनीच दिलं. काय दिलं ते मला कुणी सांगितलं नाही, पण पुन्हा कुणी बोललं नाही.

तिसऱ्या खेपेचं सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच तिचं सुख. लंडनला सामान उचलावं तसं मी गोल तिकीट सोडल्या जागी परत उचललं. काउंटरवर पानं मोजली, बरोबर होती. एकविसाव्या दिवसाची तार लंडनहून निघायच्या सकाळी हातात पडली. या वेळी शब्द जास्त होते आणि लिहिणारं माणूसही वेगळं होतं. झालं, रडले नाही, बाबा आत होते. मी ती घडी करून पासपोर्टमध्ये ठेवली. रोममध्ये लोक मला विचारायचे की इथलं काय काय बघितलंत. मी बैठकीची खोली, राहण्याची खोली आणि मधला रस्ता एवढंच बघितलं होतं आणि त्याचं मला जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं.

मुंबईला उतरले तेव्हा मोठ्या पुस्तकात नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर उरलं होतं. पोलिसांनी पासपोर्टवर शिक्का मारला, मी बाहेर आले, उन्हात उभी राहिले. घामानं पाठ भिजली. मला वाटलं होतं की काहीतरी मोठं वाटेल, जगाला वळसा घालून आले म्हणून. तसं काही झालं नाही. नुसतं हलकं वाटलं, ताप उतरल्यावर घाम येऊन वाटतं तसं.

परभणी स्टेशनवर काका आले होते. निवृत्तीनंतर ते स्टेशनच्या आत फारसे यायचे नाहीत. त्यांनी आधी रिकामं पुस्तक मागितलं, कव्हरावरची तारीख वाचली, बोटांवर मोजलं.

"अडीच महिने मुद्दत शिल्लक राहिली बघा," ते म्हणाले. "अजून एक खेप बसली असती."

नको म्हटलं. ते कव्हर त्यांनी ठेवून घेतलं. दिल्लीच्या त्या अधिकाऱ्यांना मी काकांचं नाव कळवलं होतं, त्यांचं आभाराचं पत्रही काकांच्या पत्त्यावर येऊन पडलं होतं. ते त्यांनी मला दाखवलं नाही, मुलीला तेवढं दाखवलं.

त्या आठवड्यात मुलीच्या तपासणीला औरंगाबादला जाऊन आलो. झडप होती तशीच आहे, वाढलेलं काही नाही, इंजेक्शन चालू ठेवा, असं सांगितलं. आम्हाला तेवढंच हवं होतं. परतताना हे बसमध्ये एकदम म्हणाले की सुई बघायची नसते, पोरीच्या तोंडाकडं बघायचं असतं, मग घेरी येत नाही. तीन खेपांत त्यांना लागलेला शोध तो एवढा.

मग सगळे पेडगावला गेलो. सासूबाई आमच्याकडून थेट पेरणीच्या तयारीला परतल्या होत्या, बी निवडत बसल्या होत्या. बायका जमल्या. विमान वर कसं राहतं, तिकडं भाकर मिळती का, बर्फ हाताला भाजतं का, असं एकेक विचारू लागल्या. मी दोन-तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि ओसरीवर तिथंच, बोलता बोलता, माझा डोळा लागला. अर्धवट झोपेत सासूबाईंचा आवाज ऐकू आला. त्या बायकांना म्हणत होत्या, लय लांबून आली ती, आता निजू द्या, उद्या या. मग कुणीतरी माझ्या डोक्याखाली गोधडी सारली, आणि ज्वारी पाखडल्याचा सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.